घटक ४ : वाहनाची क्रमांकपाटी – एक चिन्हव्यवस्था

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणास पुढील गोष्टी करता येतील :
• क्रमांकपाटी ही चिन्हव्यवस्था कशी आहे, हे सोदाहरण स्पष्ट करणे.
• भारत व इतर काही देशांतील पद्धतींची रचना आणि अर्थ या दोन अंगांनी तुलना करणे.
• क्रमांकाचा वाच्यार्थ, लक्ष्यार्थ व व्यंग्यार्थ वेगळे करून दाखवणे.
• पाटीवरील लिपीच्या प्रश्नाचा भाषिक व सामाजिक अंगाने विचार करणे.

४.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण फेर्दिनां द सोस्यूर यांची चिन्हकल्पना अभ्यासली. चिन्हाला चिन्हक आणि चिन्हित अशी दोन अंगे असतात, त्यांच्यातील संबंध यादृच्छिक असतो आणि चिन्हाला मूल्य प्राप्त होते ते व्यवस्थेतील इतर चिन्हांपासून असलेल्या वेगळेपणामुळे, हे तीन मुद्दे आपल्या लक्षात असतील. या घटकात तेच मुद्दे आपण पुस्तकाबाहेर, रस्त्यावर तपासून पाहणार आहोत.

अमरावतीहून बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू या मार्गाने अकोल्यास जाणाऱ्या महामार्गावर उभे राहिल्यास दर मिनिटास अनेक क्रमांक डोळ्यांसमोरून जातात. बहुतेक ‘एमएच २७’ आणि ‘एमएच ३०’चे; मधूनच ‘एमएच ३१’, ‘एमपी’ किंवा ‘जीजे’. ‘ही सत्तावीस पासिंगची गाडी आहे’ असे आपण सहज बोलतो. हे वाक्य ऐकणाऱ्या वऱ्हाडी माणसास त्याचा अर्थ विचारावा लागत नाही. परंतु साताऱ्याच्या माणसास ‘सत्तावीस म्हणजे कुठले?’ असे विचारावेच लागेल. जे चिन्ह एका समूहास आपोआप कळते आणि दुसऱ्यास शिकावे लागते, ते संकेताने बांधलेले असते. भाषेतील शब्दाचेही असेच असते.

व्यवहारात या वस्तूस ‘नंबर प्लेट’ म्हणतात. विवेचनाच्या सोयीसाठी आपण येथे ‘क्रमांकपाटी’ किंवा नुसते ‘पाटी’ हा शब्द वापरू.

४.२ पाटीचा उगम

वाहनावर ओळखचिन्ह लावण्याची सक्ती प्रथम १८९३ साली पॅरिसच्या पोलीस प्रशासनाने केली. त्या पाटीवर मालकाचे नाव, पत्ता आणि क्रमांक असे. पुढे १८९८ मध्ये नेदरलँड्सने देशव्यापी पद्धत सुरू केली. ब्रिटनमध्ये १९०३ च्या मोटार कायद्यान्वये १ जानेवारी १९०४ पासून नोंदणी आवश्यक झाली.

नाव व पत्ता जाऊन केवळ संकेत उरला, हा बदल भाषाभ्यासकाने लक्षात घ्यावा असा आहे. नाव-पत्ता लिहिलेली पाटी वाचणारा थेट मालकापर्यंत पोहोचतो. संकेत लिहिलेली पाटी वाचणाऱ्यास मात्र मध्ये एक नोंदवही लागते. म्हणजेच क्रमांक स्वतः काही सांगत नाही. तो शासनाच्या नोंदवहीतील एका ओळीकडे बोट दाखवतो. नोंदवही हा येथील शब्दकोश होय, आणि तो सर्वांस खुला नसतो.

४.३ भारतीय क्रमांकाची रचना

१९३९ च्या मोटार वाहन कायद्याखालील जुन्या क्रमांकांत सामान्यतः तीन अक्षरे आणि जास्तीत जास्त चार अंक असत. १ जुलै १९८९ रोजी अमलात आलेल्या मोटार वाहन अधिनियम, १९८८ नंतर आजची रचना रूढ झाली. ‘एमएच २७ एबी १२३४’ असा एक काल्पनिक क्रमांक घेऊन तिचे चार घटक पाहू :

(१) एमएच – राज्य किंवा केंद्रशासित प्रदेश
(२) २७ – नोंदणी कार्यालय, येथे अमरावती
(३) एबी – मालिका
(४) १२३४ – मालिकेतील अनुक्रम, १ ते ९९९९

या चार घटकांचा क्रम बदलता येत नाही. मराठी वाक्यात ‘मी उद्या अकोल्याला जाईन’ हे शब्द मागेपुढे केले तरी अर्थ टिकतो, कारण विभक्तिप्रत्यय शब्दाचे कार्य सांगत असतात. क्रमांकात प्रत्यय नाहीत. तेथे स्थान हेच व्याकरण आहे. प्रत्येक स्थानी येऊ शकणाऱ्या पर्यायांचा संच ठरलेला असतो. यालाच आपण मागे क्रमसंबंध (आडवा) आणि पर्यायसंबंध (उभा) असे म्हटले होते.

आता दुसऱ्या घटकाकडे अधिक बारकाईने पाहू. महाराष्ट्रातील कार्यालय-क्रमांक मुंबईपासून सुरू होतात, कोकणातून पश्चिम महाराष्ट्रात, तेथून नाशिक विभागात आणि मराठवाड्यात जातात. नंतर २७ अमरावती, २८ बुलढाणा, २९ यवतमाळ, ३० अकोला असा वऱ्हाडाचा क्रम लागतो आणि ३१ पासून नागपूर विभाग सुरू होतो. अंक यादृच्छिक असले तरी त्यांच्या मांडणीत राज्याचा प्रशासकीय नकाशा दडलेला आहे.

या नकाशात वाशिमचे स्थान वेगळे दिसते. अमरावती विभागातील पाचपैकी चार जिल्हे २७ ते ३० मध्ये सलग आहेत. वाशिम मात्र ३७. याचे कारण इतिहासात आहे. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. तोपर्यंत ३० च्या पुढचा क्रमांक नागपूरकडे गेलेला होता. त्याच सुमारास निर्माण झालेल्या हिंगोली (३८) व नंदुरबार (३९) या जिल्ह्यांचे क्रमांकही असेच आपापल्या विभागापासून तुटलेले आहेत. वर्णनात्मक अभ्यासात जी गोष्ट अपवाद वाटते, तिचा उलगडा ऐतिहासिक अभ्यासात होतो. मराठी व्याकरणातील अनेक ‘अपवादां’विषयीही आपण हेच शिकलो आहोत.

यादृच्छिक चिन्हाचा एक लाभही येथे दिसतो. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव असे नामांतर झाले. तरी तेथील २० आणि २५ हे क्रमांक बदलावे लागले नाहीत, कारण ते नावाशी बांधलेले नव्हते. राज्यसंकेत नावाच्या आद्याक्षरांवर आधारलेला असल्यामुळे तेथे तसे होत नाही. ‘ओरिसा’चे ‘ओडिशा’ झाल्यावर ‘ओआर’चे ‘ओडी’ झाले. उत्तरांचलचे उत्तराखंड झाल्यावर ‘यूए’चे ‘यूके’ झाले. तेलंगणात तर राज्याचे नाव तेच असताना २०२४ मध्ये ‘टीएस’ऐवजी ‘टीजी’ हा संकेत स्वीकारण्यात आला. चिन्हक जितके नावाजवळ, तितके ते राजकारणाजवळ जाते, असे या उदाहरणांवरून म्हणता येईल.

आपली प्रगती तपासा – १
(अ) वाशिमचा क्रमांक अकोल्याच्या क्रमांकाशी सलग का नाही?
(आ) ‘स्थान हेच व्याकरण’ या विधानाचा अर्थ दोन वाक्यांत सांगा.

४.४ पाटी नेमके काय सांगते? इतर देशांतील पद्धती

सर्व देशांतील पाट्यांवर अक्षरे व अंक असले, तरी त्यांतून सांगितला जाणारा अर्थ एकसारखा नसतो. चिन्हक सारखे आणि चिन्हित भिन्न, अशी ही स्थिती आहे. पुढील पाच प्रकार पाहू.

(क) स्थळ सांगणारी पद्धत. जर्मनीत पाटीच्या आरंभी शहराचा वा जिल्ह्याचा संक्षेप असतो. बर्लिन, म्युनिक, कलोन यांसारख्या मोठ्या शहरांस एकच अक्षर, तर लहान जिल्ह्यांस बहुधा दोन किंवा तीन अक्षरे मिळतात. याचे कारण व्यावहारिक आहे : जेथे वाहने अधिक, तेथे पुढील भागासाठी जागाही अधिक हवी. जिल्ह्यांच्या विलीनीकरणात लुप्त झालेले संक्षेप २०१२ पासून पुन्हा घेण्याची मुभा मिळाली, आणि अनेकांनी ती हौसेने वापरली. नाझी राजवटीची आठवण करून देणारी काही अक्षरयुग्मे मात्र तेथे दिली जात नाहीत.

(ख) काळ सांगणारी पद्धत. ब्रिटनमध्ये २००१ पासून पहिली दोन अक्षरे प्रदेश, पुढील दोन अंक नोंदणीचे सहामाही सत्र आणि शेवटची तीन अक्षरे अनुक्रम दर्शवतात. गाडी किती जुनी आहे, हे त्यामुळे रस्त्यावरच कळते. आयर्लंडमध्ये १९८७ पासून वर्ष, परगणा व अनुक्रम अशी रचना आहे. २०१३ साली तेथे एक मौजेची गोष्ट घडली. पाटीवर ‘१३’ हा अशुभ मानला जाणारा अंक आला, तर लोक गाड्या घेणार नाहीत, अशी भीती विक्रेत्यांना वाटली. म्हणून वर्षाचे दोन भाग करून ‘१३१’ व ‘१३२’ असे संकेत योजण्यात आले. ती पद्धत आजही चालू आहे.

(ग) केवळ वाहन सांगणारी पद्धत. फ्रान्समध्ये २००९ पासून दोन अक्षरे, तीन अंक, दोन अक्षरे असा क्रमांक वाहनास आयुष्यभरासाठी मिळतो; त्यावरून गाव कळत नाही. जुन्या पद्धतीत जिल्ह्याचा क्रमांक असे आणि लोकांस त्याचा लळा लागला होता. तो जाऊ नये, असा आग्रह झाल्यामुळे पाटीच्या उजव्या कडेस जिल्ह्याचा क्रमांक ठेवण्यात आला. परंतु मालक कोणत्याही जिल्ह्याचा क्रमांक निवडू शकतो, मग तो तेथे राहत असो वा नसो. जे आधी माहिती सांगत होते, ते आता आपुलकी सांगते.

(घ) मालक सांगणारी पद्धत. स्वित्झर्लंडमध्ये पाटी वाहनाची नसून धारकाची असते. गाडी विकली तरी पाटी जुन्या धारकाकडे राहते व तो ती नव्या गाडीस लावू शकतो.

(ङ) राज्याचा बाणा सांगणारी पद्धत. अमेरिकेत प्रत्येक राज्य आपली पाटी स्वतः ठरवते आणि तिच्यावर अनेकदा घोषवाक्यही असते. न्यू हॅम्पशायर राज्याचे ‘स्वतंत्र जगा किंवा मरा’ या अर्थाचे घोषवाक्य आपल्या धर्मश्रद्धेस न पटल्यामुळे एका नागरिकाने झाकून टाकले व त्यास शिक्षा झाली. १९७७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की नागरिकास त्याच्या मताविरुद्ध वाक्य स्वतःच्या गाडीवर वागवण्याची सक्ती करता येणार नाही. पाटीवरील क्रमांक ही ओळख आहे, तिची सक्ती योग्य. घोषवाक्य हे मत आहे, त्याची सक्ती अयोग्य, असा भेद यातून स्पष्ट झाला.

भारतीय पद्धत प्रामुख्याने पहिल्या प्रकारात बसते. परंतु २०२१ साली केंद्र शासनाने ‘बीएच’ म्हणजे भारत मालिका सुरू केली. तीत आरंभी नोंदणीवर्षाचे दोन अंक, मग ‘बीएच’, चार अंक व शेवटी अक्षरे येतात. एरवी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवल्यास नवा क्रमांक घ्यावा लागतो. संरक्षण सेवेतील व शासकीय कर्मचाऱ्यांची, तसेच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खाजगी संस्थांतील कर्मचाऱ्यांची बदल्यांमुळे जी अडचण होते, ती दूर करणे हा या मालिकेचा हेतू आहे. भाषिक दृष्टीने पाहता येथे ‘गाव’ गळून ‘काळ’ आला.

४.५ रंगाची भाषा

अक्षरांच्या बरोबरीने रंगही अर्थवाहक असतो. आपल्याकडे खाजगी वाहनास पांढऱ्यावर काळी, भाड्याने चालणाऱ्या वाहनास पिवळ्यावर काळी आणि विजेवर चालणाऱ्या वाहनास हिरव्या पार्श्वभूमीवर अक्षरे असतात. परराष्ट्र दूतावासांच्या गाड्यांच्या पाट्या निळ्या असतात. ब्रिटनमध्ये मात्र पिवळी पाटी म्हणजे भाड्याचे वाहन नव्हे. तेथे प्रत्येक गाडीच्या पुढे पांढरी आणि मागे पिवळी पाटी असते. नेपाळच्या परंपरागत पद्धतीत खाजगी गाडीची पाटी लाल, तर आपल्याकडे लाल पाटी विक्रेत्याकडील गाडीस लावतात. ‘पिवळा’ किंवा ‘लाल’ यांना स्वतःचा असा अर्थ नाही. त्या त्या व्यवस्थेतील इतर रंगांशी असलेल्या विरोधातून तो येतो. सोस्यूरच्या ‘मूल्य’ या संकल्पनेचे इतके सोपे उदाहरण क्वचितच सापडेल.

४.६ वाच्यार्थ, लक्ष्यार्थ आणि व्यंग्यार्थ

भारतीय काव्यशास्त्राने सांगितलेल्या अभिधा, लक्षणा व व्यंजना या शब्दशक्ती क्रमांकासही लागू पडतात.

अभिधेने ‘एमएच ३०’चा अर्थ ‘अकोला कार्यालयात नोंदवलेले वाहन’ एवढाच. ‘तीस आली, थांबव तिला’ असे हमरस्त्यावर कुणी म्हणते, तेव्हा ‘तीस’ या संख्येस थांबवता येत नसल्यामुळे मुख्यार्थाचा बाध होतो आणि ‘अकोल्याची गाडी’ हा लक्ष्यार्थ घेतला जातो. आणि पुण्यातील वाहनतळावर एखाद्या वऱ्हाडी विद्यार्थ्यास ‘एमएच २७’ दिसते व त्याचे पाऊल क्षणभर थबकते, तेव्हा त्या क्रमांकातून गाव, घर, बोली असे पुष्कळ काही व्यंजित होते.

मात्र लक्ष्यार्थ नेहमी खरा असतोच असे नाही. राज्य परिवहन महामंडळाच्या गाडीचे उदाहरण घ्या. अमरावती आगाराच्या गाडीवर अनेकदा १४, २० किंवा ४० हे क्रमांक दिसतात. महामंडळाच्या गाड्या दापोडी, चिकलठाणा व हिंगणा येथील कार्यशाळांत बांधल्या गेल्या आणि नोंदणीही त्या भागांतच झाली, हे त्याचे कारण. म्हणजे गाडी अमरावतीची, चालक-वाहक अमरावतीचे, क्रमांक मात्र नागपूर ग्रामीणचा. क्रमांक नोंदणीचे स्थळ सांगतो, राहण्याचे नव्हे. कुणाच्या आडनावावरून त्याचे आजचे गाव ठरवू नये, तसेच हे.

याच एसटीवर दोन वाचकांसाठी दोन वेगळे लेख असतात. वर गावाची पाटी मराठीत, प्रवाशासाठी; खाली क्रमांक रोमन लिपीत, शासनव्यवस्थेसाठी. या भेदातून पुढचा प्रश्न निर्माण होतो.

आपली प्रगती तपासा – २
(अ) स्वित्झर्लंड व फ्रान्स यांच्या पाट्यांचे चिन्हित कसे भिन्न आहे?
(आ) आपल्या बोलीतील क्रमांकाच्या लाक्षणिक वापराची दोन उदाहरणे द्या.

४.७ लिपीचा प्रश्न

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार क्रमांकातील अक्षरे इंग्रजी आणि अंक अरबी पद्धतीचे असावे लागतात. ज्यांस हा नियम ‘अरबी’ म्हणतो, त्यांनाच संविधानाचा ३४३ वा अनुच्छेद ‘भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप’ म्हणतो, ही नोंद घेण्यासारखी आहे. नियम असा असूनही महाराष्ट्रात देवनागरी पाट्या पुष्कळ काळ सर्रास दिसत, आणि अजूनही दिसतात. त्यामागे भाषेविषयीचे प्रेम आहे, हे नाकारता येत नाही.

इतर देशांनी हा प्रश्न कसा हाताळला आहे? १९६८ च्या व्हिएन्ना येथील रस्ते वाहतूक कराराने असे ठरवले, की देशांतर्गत लिपी कोणतीही असली, तरी आंतरराष्ट्रीय वाहतुकीतील क्रमांक रोमन अक्षरांत व आंतरराष्ट्रीय अंकांतही असावा. रशियाने यावर चतुर उपाय काढला : ज्यांची आकृती रोमन अक्षरांशी जुळते अशी केवळ १२ सिरिलिक अक्षरे पाटीसाठी निवडली. त्यामुळे एकच पाटी दोन्ही लिपींच्या वाचकांस वाचता येते. देवनागरी व रोमन यांच्यात आकृतींचे असे साम्य नसल्यामुळे तो मार्ग आपल्यास उपलब्ध नाही. चीनमध्ये प्रांतासाठी एक चिनी चिन्ह व पुढे रोमन अक्षरे आणि अंक असतात. जपानमध्ये स्थळाचे नाव जपानी लिपीत, त्यासोबत एक हिरागाना अक्षर आणि अंक असतात. मात्र ‘मृत्यू’ या शब्दाचा उच्चार असलेले ‘शि’ हे अक्षर वगळलेले आहे. आयर्लंडमध्ये संकेत रोमन असला, तरी वर परगण्याचे पूर्ण नाव आयरिश भाषेत लिहिलेले असते. बांगलादेशात पाट्या बंगाली लिपीत असतात. नेपाळमध्ये देवनागरी पाट्या होत्या. तेथे रोमन अक्षरांच्या नव्या उठावदार पाट्या आल्या, तेव्हा भाषेच्या प्रश्नावरून मोठा वाद झाला. यावरून दिसते, की पाटीची लिपी हा केवळ तांत्रिक निर्णय नसतो.

आपल्याकडे लिपीशी खेळण्याचा आणखी एक प्रकार आढळतो. आंतरराष्ट्रीय अंकांतील ४१४१ हे आकडे वळणदार काढून त्यांतून ‘दादा’ वाचायला लावतात. ८०५५ मधून इंग्रजी ‘बॉस’ तयार होते. गंमत अशी, की त्याच ४१४१ मधून उत्तरेकडे ‘पापा’ असे वाचले जाते. आकृती एकच, परंतु वाचणाऱ्याच्या भाषिक अपेक्षेनुसार शब्द निराळा. वाचन म्हणजे केवळ डोळ्यांनी पाहणे नव्हे, अपेक्षेने भरून काढणे होय, या तत्त्वाचे हे उत्तम उदाहरण. पण रस्त्यावर ते धोक्याचे. का, ते पुढे पाहू.

४.८ एक अंक हरवला तर

नैसर्गिक भाषेत पुनरुक्तीचा गुण असतो. ‘अमरा_ती’ यातील एक अक्षर पुसले गेले तरी आपण शब्द ओळखतो. ‘ती मुलगी शाळेत गेली’ या वाक्यात स्त्रीलिंग तीन ठिकाणी सांगितलेले आहे. एक शब्द ऐकू आला नाही, तरी बिघडत नाही. भाषेची ही उधळपट्टी नव्हे. गोंगाटातही अर्थ पोहोचावा, यासाठीची ती तरतूद आहे.

क्रमांकात अशी तरतूद नाही. शेवटचा एक अंक वाचता आला नाही, तर दहा गाड्या संशयित ठरतात. शेवटचे दोन न दिसल्यास शंभर. घोटाळा होऊ शकणारी ‘आय’ व ‘ओ’ ही अक्षरे वगळून दोन अक्षरांची मालिका धरली, तर २४ × २४ म्हणजे ५७६ अक्षरजोड्या होतात. एका कार्यालयाच्या क्षेत्रात त्यांतून ५७,५९,४२४ क्रमांक तयार होऊ शकतात. साक्षीदारास फक्त ‘सत्तावीस’ आणि चार अंक आठवले, तरी हा आकडा ५७६ वर येतो. अक्षरे आठवली, तर एकावर. पाटीतील प्रत्येक चिन्हावर केवढा भार आहे, हे यावरून कळेल.

हा भार केवळ तर्कातला नाही. समजा, महामार्गाच्या कडेने सायकलवर जाणाऱ्या एका शेतमजुरास धडक देऊन गाडी निघून गेली. क्रमांक कळला, तर त्याचे कुटुंब मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाऊ शकते, आणि मृताचे वय, उत्पन्न व अवलंबून असलेली माणसे यांचा विचार करून भरपाई ठरते. गाडीचा ठावठिकाणा लागलाच नाही, तर १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या योजनेनुसार मृत्यूबद्दल २ लाख रुपये आणि गंभीर दुखापतीबद्दल ५० हजार रुपये, एवढी ठरावीक रक्कम मिळते. पाटीवरचा एक न वाचलेला अंक एखाद्या घराचे पुढील अनेक वर्षांचे भवितव्य बदलू शकतो.

आता त्या घटनेचा साक्षीदार कोण असेल, याचा विचार करा. शेतातून परतणारी एखादी बाई, गुरे वळणारा एखादा मुलगा, टपरीवरचे एखादे आजोबा. त्यांच्यापैकी कुणास देवनागरी वाचता येईल, रोमन येणार नाही. कुणास अंक येतील, अक्षरे येणार नाहीत. ‘मराठी पाटी असती तर मी वाचली असती’ असे त्यांच्यापैकी कुणी म्हटले, तर त्यास उत्तर देणे सोपे नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे. हीच गाडी बैतूल, सुरत किंवा हैदराबादकडे गेल्यास तेथील पोलिसांस व नाक्यावरील कॅमेऱ्यास रोमन पाटीच वाचता येईल, आणि मराठी पाटी निरुपयोगी ठरेल. पाटीचे वाचक एक नाहीत. आणि प्रत्येक वाचकाची लिपी एक नाही.

उच्च सुरक्षा पाटीने या प्रश्नाचा एक भाग सोडवला आहे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांस ती बंधनकारक झाली. जुन्या वाहनांसाठीची महाराष्ट्रातील मुदत २०२५ मध्ये अनेकदा वाढवावी लागली. तिच्यावर अशोकचक्राचे होलोग्राम, निळ्या रंगात ‘आयएनडी’ ही अक्षरे, लेसरने कोरलेला क्रमांक आणि उठावदार, एकाच वळणाची अक्षरे असतात. मोटारीच्या पाटीवर अक्षराची उंची ६५ मिलिमीटर, जाडी १० मिलिमीटर आणि दोन अक्षरांतील अंतर १० मिलिमीटर असावे, असे नियम सांगतो. ‘दादा’ आणि ‘बॉस’ यांना तेथे जागा नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु टपरीवरच्या आजोबांचा प्रश्न तिने सोडवलेला नाही.

यावर प्रस्तुत लेखकाचे मत असे : क्रमांक रोमनमध्ये असणे आजच्या आंतरराज्य वाहतुकीत अपरिहार्य आहे आणि मराठीप्रेम दाखवण्यासाठी पाटी ही योग्य जागा नव्हे. तथापि आयर्लंडप्रमाणे कार्यालयाचे नाव – ‘अमरावती’, ‘अकोला’ – लहान देवनागरी अक्षरांत पाटीच्या वरच्या कडेस देता आले, तर क्रमांकास धक्का न लागता साक्षीदाराच्या हाती एक धागा येईल आणि व्यवस्थेत थोडी पुनरुक्तीही येईल. आपण या मताशी सहमत असलेच पाहिजे असे नाही. असहमत असल्यास कारणे मांडा; स्वाध्यायातील शेवटचा प्रश्न त्यासाठीच आहे.

४.९ सारांश

क्रमांकपाटी ही मर्यादित चिन्हांची, निश्चित क्रमाची व नोंदवहीवर अवलंबून असणारी चिन्हव्यवस्था आहे. स्थळ, काळ, वाहन, मालक किंवा राज्याचा बाणा यांपैकी काय सांगायचे, हे प्रत्येक देश ठरवतो. रंग व अंक यांस व्यवस्थेतील विरोधामुळे मूल्य मिळते. वापरातून क्रमांकास लक्ष्यार्थ व व्यंग्यार्थ प्राप्त होतात, परंतु ते नेहमी वस्तुस्थितीशी जुळतातच असे नाही. नैसर्गिक भाषेतील पुनरुक्ती क्रमांकात नसल्यामुळे प्रत्येक चिन्ह सुवाच्य असणे अत्यावश्यक ठरते. पाटीची लिपी ठरवणे म्हणजे तिचा वाचक ठरवणे होय.

४.१० ‘आपली प्रगती तपासा’ची उत्तरे

१. (अ) वाशिम जिल्हा १९९८ मध्ये निर्माण झाला. त्यापूर्वीच ३१ पासूनचे क्रमांक नागपूर विभागाकडे गेले होते. (आ) क्रमांकातील घटकांस प्रत्यय नसतात. कोणता घटक कितव्या स्थानी आहे, यावरूनच त्याचे कार्य कळते.
२. (अ) स्वित्झर्लंडमध्ये पाटी धारकाचा निर्देश करते, फ्रान्समध्ये वाहनाचा. (आ) उत्तर आपल्या परिसरातील उदाहरणांच्या आधारे लिहावे.

४.११ सरावासाठी स्वाध्याय

१. आपल्या गावातील मुख्य रस्त्यावर अर्धा तास थांबून पन्नास वाहनांचे फक्त पहिले दोन घटक (राज्य व कार्यालय) नोंदवा. त्यावरून गावाच्या दळणवळणाविषयी काय सांगता येते, ते लिहा.
२. ‘चिन्हक जितके नावाजवळ, तितके ते राजकारणाजवळ’ हे विधान सोदाहरण तपासा.
३. ‘पासिंग’ या शब्दाचा मूळ अर्थ व वऱ्हाडी व्यवहारातील अर्थ यांची तुलना करून अर्थबदलाचा प्रकार सांगा.
४. क्रमांकपाटीवर देवनागरीस स्थान असावे काय? चालक, पोलीस व साक्षीदार या तीन वाचकांचा विचार करून सुमारे ३०० शब्दांत आपले मत मांडा.